खलिफा देखणा आहे, म्हणून?

(युवा वाचन गटाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘द रॅथ अँड द डॉन’ ही कादंबरी इथल्या निम्म्याहून अधिक जणांनी वाचली आहे, हे आत्ता वर झालेल्या हातांवरून कळलं. काहींनी ती वेबटूनवर चित्रांत पाहिली आहे, तेही चालेल. ज्यांनी वाचली नाही त्यांची आधीच माफी मागते, कारण मी शेवटासकट सगळं सांगणार आहे. गुपित राखून पुस्तकाशी भांडता येत नाही, आणि मला आज थोडं भांडायचं आहे.

पुस्तक 2015 सालचं. लेखिका रेने अहदिए. राहतात अमेरिकेत, आई कोरियन, नवरा इराणी वंशाचा. ‘हजार आणि एक रात्री’, म्हणजे आपण ज्याला अरेबियन नाइट्स म्हणतो, त्याची चौकट घेऊन त्यांनी तरुण वाचकांसाठी ही प्रेमकथा लिहिली. ती भरपूर खपली, पुढच्याच वर्षी दुसरा भागही आला. आज मी फक्त पहिल्या भागावर बोलणार आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. खोरासानचा खलिफा खालिद इब्न अल-रशीद रोज एका मुलीशी लग्न करतो आणि पहाट झाली की रेशमी दोरीने तिचा गळा आवळला जातो. वय किती या खलिफाचं? 18. शहरजाद नावाच्या 16 वर्षांच्या मुलीची जिवाभावाची मैत्रीण शिवा अशीच मारली गेली आहे. शहरजाद स्वतःहून नवरी व्हायला पुढे येते, सूड घ्यायला. पहिल्या रात्री ती गोष्ट सांगायला लागते, पहाटेला गोष्ट अर्धवट राहते, तिला एक दिवस मिळतो. मग आणखी एक. आणि मधल्या मध्ये ती ज्याला मारायला आली त्याच्याच प्रेमात पडते. पुढे कळतं की खालिदला शाप आहे. त्याच्या पहिल्या बायकोने दुःखात, एकटेपणात जीव दिला. तिच्या बापाने शाप दिला की एका जिवाबद्दल शंभर जीव दे, रोज पहाटे एक, नाहीतर तुझं शहर जाईल. शेवटी वादळ येतं, रे शहरावर विजा कोसळतात, आणि शहरजादला शहर सोडावं लागतं.

आधी जे आवडलं ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, आपा नुसती चुकाच काढत बसली.

पुस्तक हातातून सुटत नाही. पहिली पन्नास पानं तर मी उभ्या उभ्या वाचली. शहरजाद तोंडाळ आहे, तिरंदाजीत तरबेज आहे, भित्री नाही, आणि घाबरते तेव्हा घाबरल्यासारखी घाबरते. तिची दासी डेस्पिना ग्रीक आहे, जिभेला धार आहे. या दोघींच्या टोमण्यांतून जी मैत्री उभी राहते ती मला पुस्तकातल्या प्रेमापेक्षा जास्त खरी वाटली. खलिफा आणि ती वेष बदलून बाजारात जातात तो प्रसंग बहारीचा आहे. खाण्याची वर्णनं वाचताना तोंडाला पाणी सुटतं. आणि एक साधी गोष्ट, जिचं मोल तुमच्यातल्या मुलींना कळेल: इंग्रजीतल्या जाडजूड, सोनेरी अक्षरांच्या पुस्तकात नायिकेचं नाव शहरजाद आहे, नायक खालिद आहे, मित्र तारिक, जलाल, रहीम आहेत, आणि यातला एकही जण विमानात बॉम्ब ठेवायला आलेला नाही. मी तुमच्या वयाची होते तेव्हा इंग्रजी कादंबरीत खालिद नावाचा माणूस आला की पुढच्या दहा पानांत काय होणार हे ठाऊक असायचं. इथे खालिदवर मुली जीव टाकतात. हा फरक लहान नाही.

आता इतिहास. ही ऐतिहासिक कल्पनारम्य कादंबरी, म्हणजे जादू चालेल, उडता गालिचा चालेल. माझी त्याबद्दल काहीच तक्रार नाही. पण ‘ऐतिहासिक’ या शब्दाखाली लेखिकेने जे सामान गोळा केलं आहे ते जरा उघडून बघू या, कारण त्यात मजा आहे.

नायिकेचं पूर्ण नाव शहरजाद अल-खैझुरान. खैझुरान ही खरीखुरी बाई. यमनमधून गुलाम म्हणून आणलेली मुलगी. पुढे अब्बासी खलिफा अल-महदीने तिला मुक्त केलं आणि तिच्याशी लग्न केलं. तिचे दोन मुलगे, अल-हादी आणि हारून अल-रशीद, दोघेही खलिफा झाले. ती दरबारी कारभारात इतकी मुरलेली होती की लोक कामं घेऊन तिच्या दारी यायचे आणि मोठा मुलगा हादी त्यावरून संतापायचा. हादी लवकर मेला तेव्हा बोटं तिच्याकडेही दाखवली गेली. 789 मध्ये ती वारली. आता सांगा, एवढी जबरदस्त बाई नावात असताना कादंबरीने तिचं काय केलं? आडनाव म्हणून डकवलं. नायकाला ‘इब्न अल-रशीद’ केलं, तारिकला ‘अल-झियाद’ जोडलं, म्हणजे अंदलुस जिंकणारा तारिक इब्न झियाद आठवावा. दुकानातून देखणी बटणं विकत आणून कुर्त्याला लावावी तशी ही नावं लावलेली आहेत. बटणं सुंदर आहेत. पण ती लावून काहीच बंद होत नाही.

राजधानी आहे रे. हे शहर खरं आहे. आज ते तेहरानच्या पोटात गेलं आहे. हारून अल-रशीदचा जन्म इथलाच. देवी आणि गोवर हे दोन वेगळे आजार आहेत हे ज्याने नीट लिहून ठेवलं तो हकीम अबू बक्र अल-राझी, त्याच्या नावातला ‘राझी’ म्हणजेच रेचा. पण रे काही खोरासानात नव्हतं. खोरासान म्हणजे त्याच्या पूर्वेचा मुलूख: निशापूर, मर्व, हेरात, बल्ख. आणि खोरासानला स्वतःचा खलिफाही कधी नव्हता. खलिफा बगदादला, खोरासानला त्याचा सुभेदार. हारूनचा मुलगा मामून मर्वमध्ये बसून खोरासान सांभाळत होता, आणि तिथूनच भाऊ अमीनशी त्याचं युद्ध पेटलं. कादंबरीत शेजारच्या पार्थियाचा सुलतान खालिदच्या तख्तावर डोळा ठेवून असतो. पार्थियाचं साम्राज्य तर इस. 224 मध्ये, म्हणजे इस्लाम यायच्या चारशे वर्षं आधीच संपलेलं. खलिफाचा अंगरक्षक एक ‘राजपूत’. बहुतेक पुस्तकभर त्याला नाव नाही, नुसता ‘तो राजपूत’. हिंदुस्थानातून आलेला धिप्पाड, मुका-मुका तलवारबाज. आपण हिंदुस्थानी माणसं वाचताना इथे जरा खोकतो.

कुणी म्हणेल, कादंबरी आहे, इतिहासाचं पाठ्यपुस्तक नाही. मान्य. चुका मोजायचा मला छंद नाही. माझा मुद्दा असा की खरा इतिहास या नकली इतिहासापेक्षा जास्त रंगतदार होता, आणि त्यात बायका जास्त होत्या. हारूनची बायको झुबैदा घ्या. कूफ्याहून मक्केला जाणाऱ्या हाजींच्या वाटेवर तिने विहिरी, टाक्या, मुक्कामाच्या जागा बांधल्या, मक्केत पाणी आणवलं. ती वाट आजही ‘दर्ब झुबैदा’ म्हणून ओळखली जाते. हातात धनुष्य नसलेली नायिका चालत असेल तर झुबैदावर एक कादंबरी व्हायला काय हरकत आहे? तुमच्यापैकी कुणी लिहा, मराठीत लिहा, मी पहिली प्रत विकत घेईन.

आता जी गोष्ट तुमच्यातल्या बऱ्याच जणांना खटकली असं मला बैठकीआधी सांगितलं गेलं ती घेते. या पुस्तकात खलिफा आहे आणि इस्लाम जवळजवळ नाही. अजान ऐकू येत नाही, कुणी वजू करत नाही, रमजान नाही, मशीद दिसलीच तर देखाव्यात. खलिफा या शब्दाचा अर्थच वारस, उत्तराधिकारी. कुणाचा? तो प्रश्न पुस्तकाला पडत नाही. आपल्याकडे तालमीतल्या वस्तादाला खलिफा म्हणतात, न्हाव्याला, शिंप्यालाही म्हणायचे. त्या खलिफांचा ‘खलिफा’ या शब्दाशी जेवढा संबंध होता तेवढाही खालिदचा नाही.

मला यात धर्म कमी पडला अशी तक्रार करायची नाही. पानापानांवर नमाज हवी होती असं मी म्हणत नाही. धार्मिक नसलेली माणसं तेव्हाही होती, बगदादच्या दरबारात दारू वाहत होती आणि तिच्यावर कविता होत होत्या. माझी तक्रार वेगळी आहे. इस्लाम काढला की त्याबरोबर त्या समाजातली माणसांची सगळी वीण निघून गेली. बघा ना. रोज एक निकाह होतो. तो पढवतो कोण? मेहर किती? वकील कोण, साक्षीदार कोण? मुलीची संमती विचारायला तिच्यापाशी कोण गेलं? आणि रोज एक निरपराध मुलगी मरते तर शहरात काझी आहे की नाही? अब्बासी काळात काझी होते. हारूनचा मुख्य काझी अबू यूसुफ, इमाम अबू हनीफांचा शिष्य, त्याने खलिफाच्या सांगण्यावरून करवसुलीवर ग्रंथ लिहिला आणि त्यात खलिफालाच रयतेशी न्यायाने वागण्याची ताकीद दिली. पुढे मामूनने आपली मतं उलेमांवर लादायचा प्रयत्न केला तेव्हा अहमद इब्न हंबल यांनी तुरुंग आणि फटके सोसले, पण मान तुकवली नाही. तो काळ सोन्याचा होता असं सांगायला मी आलेले नाही. हाच हारून 803 मध्ये आपल्या सगळ्यात जवळच्या जाफर बरमकीचं मुंडकं उडवतो आणि एका रात्रीत बरमकी घराणं धुळीला मिळवतो. राजे क्रूरच होते. पण त्या क्रौर्याला प्रश्न विचारणारी माणसं त्या समाजात होती. कादंबरीतल्या रेमध्ये प्रश्न विचारायला मुल्ला नाही, व्यापारी नाही, कवी नाही. बंड करणारे आहेत ते फक्त तारिक आणि शिवाचा बाप रझा, म्हणजे ज्यांच्या घरातलं माणूस गेलं ते. बाकी अख्खं शहर रोज सकाळी एक प्रेत उचलतं आणि बाजाराला जातं.

युरोपातून पूर्वेकडे बघणाऱ्यांनी शे-दोनशे वर्षं हेच चित्र काढलं: एक लहरी सुलतान, एक जनानखाना, आणि खाली मान घालून उभी असलेली प्रजा. रेने अहदिएंचा हेतू असा नाही, उलट त्या या सगळ्यावर प्रेम करतात, हे पानापानांत कळतं. पण प्रेमानं काढलं तरी चित्र तेच आलं.

आता मुख्य भांडण. इतका वेळ त्याच्याभोवतीच फिरत होते.

खालिद खुनी आहे. शाप होता, नाइलाज होता, तो रात्र रात्र झोपत नाही, त्याने लहानपणी आईचा वध बघितला आहे, मेलेल्या प्रत्येक मुलीच्या घरच्यांना तो माफीचं पत्र लिहितो. हे सगळं खरं. पण ती पत्रं तो पाठवत नाही. कपाटात ठेवतो. मला वाटतं अख्ख्या कादंबरीचा निवाडा त्या कपाटात आहे, आणि लेखिकेला ते कपाट करुण वाटतं. शिवाच्या बापाला ते पत्र मिळालं असतं तर काय झालं असतं? कदाचित त्याने शिव्या दिल्या असत्या, कदाचित तलवार घेऊन आला असता. पण आपली मुलगी का मेली हे तरी त्याला कळलं असतं. शहरातल्या लोकांना वाचवायला ह्या मुली मारल्या जातात आणि शहरातल्या लोकांनाच ते सांगितलं जात नाही. गुपित महालातल्या दोन-चार पुरुषांत. लोकांच्या भल्यासाठी म्हणून लोकांच्याच मुली, आणि लोकांना कारण विचारायची सोय नाही. आपण नागरी हक्कांबद्दल बोलणारी माणसं आहोत. हे आपल्याला ओळखीचं वाटायला हवं. कुठल्याही सरकारने ‘तुमच्याच सुरक्षेसाठी’ म्हणून पडद्याआड काही केलं तर आपण कागद मागतो. मग खालिदला सूट कशाबद्दल? तो देखणा आहे म्हणून? त्याचे डोळे वाघासारखे आहेत म्हणून?

हसू नका, मी खरंच विचारते आहे. कारण मी ज्या मुलींशी या पुस्तकाबद्दल बोलले त्यातल्या बहुतेक जणी म्हणाल्या, “पण आपा, तो आतून किती दुखावलेला आहे.” आणि हे वाक्य मी पुस्तकाबाहेरही ऐकलं आहे. कित्येकदा. तुम्हीही ऐकलं असेल, स्थळं बघताना. मुलगा तापट आहे, पण मनाने चांगला आहे. दारू पितो, पण बापाने लहानपणी फार मारलंय हो त्याला. लग्न झालं की सुधारेल. म्हणजे 20 वर्षांत आईबापाला जे जमलं नाही, शाळेला जमलं नाही, ते 20 वर्षांच्या पोरीने येऊन करायचं. आणि नाही जमलं तर ती कमी पडली. मी तलाकच्या, खावटीच्या प्रकरणांत बायकांसोबत कोर्टात जाऊन बसलेली बाई आहे. तिथल्या बाकावर बसलेल्या कितीजणी सांगतात, “मला वाटलं मी त्याला बदलीन.” कुणी त्यांना हे शिकवलं? आयांनी शिकवलं, सिनेमांनी शिकवलं, आणि आता सोनेरी अक्षरांची पुस्तकं शिकवतात, इंग्रजीत.

पुस्तकातल्या पहिल्या रात्री आठवा. ती 16 वर्षांची, तो तिला ओळखत नाही, सकाळी मारायची म्हणूनच आणली आहे, आणि नवरा म्हणून तो आपला हक्क बजावतो. लेखिका दोन-तीन ओळींत ते उरकते आणि पुढे जाते. पुढे प्रेम जमल्यावर ते दोघं जवळ येतात तेव्हा मात्र पानंच्या पानं. म्हणजे पहिल्या रात्रींचं काय? त्या मोजायच्या की नाही? मुलीच्या लग्नाचं वय आपल्या कायद्यात 18 आहे, आणि ‘पर्सनल लॉ’मध्ये ते वयात आल्याबरोबर धरायचं का यावर कोर्टात वाद चालतात. त्या वादात आपण ज्या बाजूने उभे राहतो, ती बाजू कादंबरी वाचताना घरी ठेवून यायची का? मी असं म्हणत नाही की पुस्तकात वाईट गोष्टी येऊ नयेत. याव्यात. आल्याच पाहिजेत. पण आल्या तर त्यांच्याकडे डोळे उघडून बघावं. रोषणाई करून त्यांना आड करू नये.

आणि शिवा. तुम्हाला शिवाबद्दल काय आठवतं? मी पुस्तक संपवल्यावर स्वतःलाच विचारलं. जवळपास काहीच नाही. ती चांगली होती, हसायची, मेली. जिच्यासाठी शहरजाद मरणाच्या दारात गेली तिला पुस्तक एक माणूस म्हणून कधी आत घेतच नाही. पानं उलटतात तशी शिवा पुसट होते. शहरजादला त्याचा अपराध वाटतो, एक-दोनदा रडतेही. पण वजन कुठे आहे हे वाचकाला कळतं. मेलेल्या मुलींची यादी एका पारड्यात आणि एका खलिफाची झोप दुसऱ्या पारड्यात, आणि पारडं झोपेकडे झुकतं.

तारिकबद्दलही थोडं. तो तिचा लहानपणापासूनचा प्रेमिक. तिला ‘सोडवायला’ तो फौज जमवतो. तिला विचारलं का? नाही. ती स्वतःच्या मर्जीने गेली आहे, तिचा काही बेत आहे, हे त्याच्या ध्यानातच येत नाही. आपल्याकडचे भाऊ आठवले मला, जे बहिणीच्या इज्जतीसाठी जीव द्यायला तयार असतात आणि तिला कॉलेजात कुठला विषय घ्यायचा आहे हे त्यांना माहीत नसतं. हा भाग लेखिकेने फार छान जमवला आहे. तारिक वाईट माणूस नाही, आणि म्हणूनच तो पटतो.

आता शेवटचा मुद्दा. तो मला फार जवळचा आहे, म्हणून जरा रेंगाळेन.

मूळ गोष्टीत काय आहे? वजिराची मुलगी शहरजाद शिकलेली आहे. इतिहास, काव्य, जुन्या राजांच्या कहाण्या, सगळं तिने वाचलं आहे. ती राजाकडे सूड घ्यायला जात नाही. बाकीच्या मुलींना वाचवायला जाते. बापाशी वाद घालते आणि जाते. धाकट्या बहिणीला सोबत नेते, म्हणजे गोष्ट सांगायचं निमित्त होईल. मग ती सांगते. एका गोष्टीतून दुसरी, दुसरीतून तिसरी. त्यांत अन्याय करणारे राजे असतात, चतुर गुलाम मुली असतात, जीवदान मिळवण्यासाठी गोष्टी सांगणारे म्हातारे असतात. ऐकणारा राजा हळूहळू दुसऱ्यांच्या दुःखात जाऊन बसायला शिकतो. एका बाईने, हातात काहीही नसताना, फक्त बोलून एक राज्य थांबवलं. माझ्या मते जगातल्या वाङ्मयात याहून मोठी कल्पना फार थोडी आहे.

अहदिएंच्या शहरजादने गोष्टी किती सांगितल्या? बोटांवर मोजता येतील इतक्या. मग गोष्टी थांबतात आणि चुंबनं आणि तलवारी सुरू होतात. धाकटी बहीण इर्सा पहिल्या भागात दूर कुठेतरी बापाजवळ बसून आहे. खालिद बदलतो तो गोष्टींनी बदलत नाही, शहरजादच्या सहवासाने, तिच्या रूपाने, तिच्या धिटाईने बदलतो. लेखिकेने शहरजादच्या हातात धनुष्य दिलं आणि तिच्या तोंडातली गोष्ट काढून घेतली. हा सौदा मला महाग वाटला.

यावर कुणी म्हणेल, कोरियन-अमेरिकन बाईने आपल्या गोष्टीला हात लावावाच कशाला? हे मला अजिबात मान्य नाही. ‘आपली’ म्हणजे कुणाची? दहाव्या शतकात बगदादचा पुस्तकविक्या इब्न अल-नदीम आपल्या ग्रंथसूचीत लिहितो की हे मूळ फारसी पुस्तक, ‘हजार अफसान’, आणि वर नाक मुरडतो की गोष्टी काही खास नाहीत. त्याआधीच्या, नवव्या शतकातल्या एका फाटक्या पानाचा तुकडा आज शिकागोत आहे. गोष्टीत गोष्ट गुंफायची रीत हिंदुस्थानातून गेली असं बरेच अभ्यासक मानतात. पंचतंत्र तर इब्न अल-मुकफ्फाने आठव्या शतकात ‘कलीला व दिम्ना’ म्हणून अरबीत नेलंच होतं. 1704 पासून गालाँ नावाच्या फ्रेंच माणसाने ते फ्रेंचमध्ये आणलं. आणि ज्या दोन गोष्टी आपण सगळ्यात आधी सांगतो, अल्लाउद्दीन आणि अलीबाबा, त्या गालाँजवळच्या अरबी हस्तलिखितात नव्हत्याच. पॅरिसला आलेल्या हन्ना दियाब नावाच्या, हलबच्या ख्रिस्ती तरुणाने 1709 मध्ये त्या त्याला तोंडी सांगितल्या. गालाँच्या त्या हस्तलिखितात 282 च्या आसपास रात्री आहेत आणि ते मध्येच तुटतं. म्हणजे शेवट ठरलेला नाहीच.

मराठीत ह्या गोष्टी कुणी आणल्या? कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी, 19 व्या शतकात, ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ म्हणून. पुण्याचे संस्कृत शास्त्री, आणि त्यांच्या घरात जिन आणि बगदादचे हमाल नांदत होते. पुढे 1970 च्या दशकात गौरी देशपांडे यांनी रिचर्ड बर्टनच्या इंग्रजी ग्रंथावरून 16 खंड मराठीत केले. माझ्या नानीला वाचता येत नव्हतं. तिने शहजादे आणि पऱ्या आम्हाला तिच्या दखनीत सांगितल्या, आणि तिच्या गोष्टीत बगदादला जायला एसटी होती. म्हणून अहदिएंचा हक्क मी मानते, पूर्ण मानते. ज्याला ही गोष्ट सांगावीशी वाटेल त्याची ती आहे. मात्र सांगितल्यावर ऐकणाऱ्यालाही बोलायचा हक्क आहे. तोच मी आज बजावते आहे.

मग वाचावी का? वाचा. मी दुसरा भागही वाचला आणि एका बैठकीत संपवला. खोटं कशाला बोलू? पण वाचताना पेन्सिल हातात ठेवा. जिथे खालिदबद्दल फार कळवळा येईल तिथे समासात शिवाचं नाव लिहा. आणि गौरी देशपांड्यांचे खंड एखाद्या जुन्या ग्रंथालयात मिळाले तर पहिला खंड आणून सुरुवातीची चौकट तरी वाचा. मात्र तिथेही सावध राहा. मूळ गोष्टीतली राणीची ‘बेवफाई’ आणि काळ्या गुलामाचं चित्रण वाचून तुम्हाला आणखी एक भांडण सुचेल. ते आपण पुढच्या महिन्यात करू.

माझ्याजवळ दोन्ही भागांची एकेक प्रत आहे. नाव लिहून न्या, महिन्याच्या आत आणून द्या, पानं दुमडू नका.

आता तुम्ही बोला. ज्यांना खालिद आवडला आहे त्यांनी आधी.